रविवार पेठेतली विटांची इमारत: फ्लेक्स पडला आणि दिसली. कुणाला काही सांगता येईल?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी बेळगावात रविवार पेठेत एका होलसेल दुकानाच्या माडीवर हिशेब लिहिते. अकरा वर्षं झाली. माझं टेबल खिडकीला लागून आहे, म्हणजे समोर काय आहे ते मला डोळे मिटून सांगता यायला हवं. खरं नाही आलं. म्हणून हे लिहितेय.

जूनमध्ये एके दिवशी दुपारी असा वारा सुटला की विचारू नका. इथला पश्चिमेचा वारा इथल्यांना सांगायला नको. तो समोरच्या कौलांवरून उतरला आणि इमारतीवरच्या फ्लेक्सच्या मागं शिरला. आधी एक कोपरा सुटून फडफडला, मग लोखंडी चौकटीसकट सगळं रस्त्यावर. खाली टेम्पोत मिरचीची पोती चढवत होते. हमालांनी वेळेवर उड्या मारल्या, कुणाला लागलं नाही. चौकट भिंतीला टेकवून, शिव्या देऊन सगळे पुन्हा कामाला लागले. मी मात्र पेन हातात धरून बघतच बसले. फ्लेक्सच्या मागं विटांची भिंत होती.

तशी इमारत ओळखीचीच. खाली तीन गाळे, एक प्लास्टिक पिशव्यांचा, एक सुतळीचा, मधला बंद. वर एक मजला, त्यावर कौलं. मी तिला 'सुतळीवाल्याची बिल्डिंग' म्हणते. तिच्यावर आधी पत्र्याचा बोर्ड होता. मग २०२४ साली पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आला तेव्हा पेठेत सगळ्यांनीच पाट्या बदलल्या, आणि बदलता बदलता जो तो शेजाऱ्यापेक्षा हातभर मोठी करत गेला. त्यात उरलेली भिंतही झाकली गेली.

आता काय दिसतं ते सांगते. वर पाच खिडक्या. प्रत्येकीवर विटांची कमान, उंच नाही, बसकी, भुवईसारखी. कमानीत विटा उभ्या लावल्यात आणि मधली एक वीट दोन बोटं पुढं आलीय. जीएसटीचं रिटर्न भरायचं पडलं होतं तरी मी विटा मोजल्या. चार कमानींत प्रत्येकी सतरा. उजव्या टोकाच्या पाचवीत अठरा! गवंड्याचा कुठंतरी हिशेब चुकला असणार. मधल्या विटेच्या शेजारी त्यानं एक वीट घासून पातळ करून कशीबशी घुसवलीय, ती आजही कळते. मला ती वीट फार आवडली. महिनाअखेरीला रुपया जुळत नाही तेव्हा मीही असंच काहीतरी करते (आमच्या मालकांना सांगू नका).

कौलांच्या खाली एक पट्टी आहे. तिच्यात विटा तिरक्या बसवल्यात, कोपरा बाहेर काढून, ओळीनं दात असावेत तशा. इमारत पूर्वेला तोंड करून आहे. पावसानं उघडीप दिली की सकाळी दहाच्या सुमाराला प्रत्येक दाताची सावली खालच्या भिंतीवर पडते आणि बारापर्यंत लांबत लांबत भिंतीच्या सावलीतच मिसळून जाते. हल्ली चहा मी दहालाच मागवते.

खिडक्यांच्या खाली चुन्याचा एक पट्टा आहे, त्यावर कधीतरी रंगानं अक्षरं काढलेली. 'भुसार' एवढं स्वच्छ वाचता येतं. पुढं 'माल' असावं. आधी आडनाव असणार, ते बोर्डाच्या खिळ्यांनी खाल्लं. मधल्या बंद गाळ्याला शटर नाही, जुन्या पद्धतीच्या फळ्या आहेत.

इमारतीचे मालक वयस्कर आहेत, संध्याकाळी सुतळीवाल्याकडं येऊन बसतात. मी म्हटलं, "काका, भिंत छान दिसते की." तर म्हणाले, "छान कसली गे, विटा उघड्या पडल्यात. दसऱ्याच्या आधी गिलावा करून टाकतो, वर नवा फ्लेक्स."

मला पुढं बोलता येईना. छान म्हणजे काय, हेच सांगता येईना. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. ती ज्या गावात आहे तिथं भुसाराच्या दुकानाला जुनं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? ही इमारत साधारण किती वर्षांची असेल? आणि काकांना काय सांगावं? फोटो टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, फोटो नाही हेच बरं. फोटो बघून लोक लगेच 'ब्रिटिशकालीन' म्हणून मोकळे होतात. तुम्ही मोजलंय, त्यावर बोलता येतं.

वय काढायला तीन जागा बघा. पहिली म्हणजे आतली तुळई. माडी लोखंडी तुळयांवर असेल तर टॉर्च लावून तुळईच्या उभ्या पोटावर बघा, अक्षरं उठवलेली असतात. डॉर्मन लाँग हे इंग्लंडातल्या मिडल्सबरोचं नाव आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींत सापडतं. टाटांचं नाव असेल तर इमारत १९१२ च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघायला लागलं. दुसरी जागा कौलं. कौलाच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बेसल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, पुढं बाकीचे आले. एवढा जड माल बेळगावला ढिगानं यायला लागला तो १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आल्यावर. बैलगाडीनं घाट चढवून कौलं आणणं गावच्या सावकाराला परवडलं असेल, भुसारवाल्याला नाही. तिसरी जागा वीट. टेपनं मोजा. दीड-दोन इंच जाडीची पातळ वीट असेल तर ती जुनी पद्धत. पावणेतीन-तीन इंच असेल तर ती नंतरच्या काळातली, साच्याच्या ठराविक मापाची.

आता तुमची अठरावी वीट. कमान दोन्ही टोकांकडून लाकडी साच्यावर चढवत आणतात आणि शेवटची वीट मधोमध ठोकतात. सांध्यातला चुना जरा पातळ पडला की मधे फट राहते आणि तुमच्यासारखीच पंचाईत होते. त्या गवंड्यानं सांधे बारीक ठेवले, त्यात त्याला एक वीट जास्त लागली. त्याला चूक म्हणू नका. सांधा बारीक ठेवणं हे जाड ठेवण्यापेक्षा अवघड काम आहे. कदाचित ती कमान दुसऱ्या हातची असेल.

आणखी एक बघा. बसकी कमान वरचा भार नुसता खाली देत नाही, बाजूलाही रेटते. मधल्या खिडक्यांचा रेटा शेजारची कमान झेलते, दोघी एकमेकींना धरून असतात. टोकाच्या कमानीला पलीकडं कुणी नाही. म्हणून जाणता गवंडी टोकाच्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत भिंत जास्त रुंद सोडतो. मोजून सांगा. तसं असेल तर इमारत बांधणाऱ्याला काम कळत होतं.

दातांची पट्टी नुसती शोभेची नसते. भिंतीच्या वरच्या टोकाला विटा पुढं काढल्या की ओघळ भिंतीला चिकटून न येता बाहेर टपकतो. पश्चिमेच्या भिंतीवर असली पट्टी आपल्या पावसानं कधीच खाल्ली असती. तुमच्या इमारतीची पाठ पावसाकडं आहे म्हणून तोंड शाबूत राहिलं.

काकांना एवढंच सांगा की सिमेंटचा गिलावा करू नका. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ, भिंतीत ओल आली तरी सांध्यांवाटे वाळून जाते. वरून सिमेंट थापलं की आत जाणारं पाणी थोडंफार अडतं आणि बाहेर येणारं पुरतं अडतं. कुठून तरी चीर पडून पाणी शिरतंच, मग आत लोणा धरतो, विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं, आणि पाच-सात वर्षांत गिलावा पडतो तो विटेचा अर्धा इंच घेऊनच. सांधे रिकामे झाले असतील तर तेवढे खरवडून चुन्यानंच पुन्हा भरून घ्या, यालाच दर्जा भरणं म्हणतात.

गाळा_नंबर_तीन

ओव्हरसियर साहेब आणि ताई, दोघांचंही बरोबर आहे. खरं तुम्ही दोघं समोरून बघताय. आम्ही आत बसलोय. ही इमारत नव्हे, दुसऱ्या गल्लीतली तसलीच. आजोबांपासून भाड्यानं आहे.

समोरून कमान छान दिसते. आत चार महिने पोत्यांखाली लाकडी पाट घालून माल उचलून ठेवायचा. कौल सरकलं की बरोबर साखरेवरच गळतं, मिठावर कधी गळत नाही. कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर आज येतो उद्या येतो करून मृग संपवतो. माळ्यावर उंदीर इतके की मांजर पाळलं तर ते पळून गेलं.

भाडं आम्ही देतो ते सांगितलं तर तुम्ही हसाल. म्हणून मालक दुरुस्ती करत नाहीत. दुरुस्ती करत नाहीत म्हणून आम्ही भाडं वाढवत नाही. आता यात कोण चुकलं ते कोर्टानं सांगावं, तिथं एक पिढी गेली. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौदा नावं. जुना कागद मोडीत, मधला मराठीत, हल्लीचा कन्नडात, आणि चौदा जणांतले निम्मे पुण्यात, त्यांना यातलं एकही धड वाचता येत नाही.

म्हणून तुमचे काका गिलावा करतो म्हणतात तर त्यांना फार बोलू नका. स्वतःच्या खिशातून इमारतीवर पैसे घालायला निघालेला मालक मी जन्मात पाहिला नाही.

हां, एक मान्य. एप्रिलमध्ये समोरच्या आरसीसी गाळ्यात दोन पंखे लावूनही माणूस घामानं भिजतो. आमच्यात एका पंख्यावर दुपारी डुलकी लागते. भिंत दीड फुटाची आहे.

चौकातला

आज हेरिटेज म्हणा, उद्या रस्ता रुंदीकरणात जेसीबी. आणि पाटीवर आधी कुठली भाषा होती, कुठली झाकली, ते जरा सविस्तर येऊ द्या की.

निवृत्त_ओव्हरसियर

चौकातले, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत. इथं विटांवर बोला.

भट्टीवाला_गर्लगुंजी

आमची खानापूर तालुक्यात वीटभट्टी हाय, आजाच्या टायमापासनं. चार शब्द माझेबी.

ताई, भिंतीचा रंग एकसारखा हाय काय? नसणारच. जुनी भट्टी लाकडाची. जाळाजवळची वीट काळपट जांभळी पडायची, मधली तांबडी, कडंची पिवळट कच्ची. चांगला गवंडी गाडी उतरल्या उतरल्या ईट ईट वाजवून वेगळी करायचा. दोन विटा एकमेकीवर मारायच्या, खण्ण आवाज आला की ती तोंडाला, बद्द आला की आतल्या भिंतीला. तुमच्या कमानीतल्या विटा निवडून काढलेल्या असणार. कमानीला पाचराच्या आकाराची वीट लागते, ती घासताना कच्ची असली तर हातातच फुटते.

आणि जवळनं बघा, गुडघ्याच्या उंचीला, रस्त्यावरनं कुणी बघत न्हाई तिथं. कच्ची वीट पाडली की खळ्यात वाळत घालतात. रात्री कुत्रं, शेरडू, कोंबडी फिरून जाते. पाऊल उठलेली वीट आम्ही टाकून देत न्हाई, भाजतो. बोटांचे ठसे तर कितीतरी सापडतात. साच्यातनं वीट काढणारी बहुतेक बाईच असायची.

चुना घाणीत, म्हंजे दगडी चाकाच्या गोल चरात, मळायचे, बैल फिरवून. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घालत, विटांची भुकटी घालत. आता घाणी न्हाई, खरं चुना मिळतो, भिजवून ठेवला की झालं. एखादी वीट अगदीच गेली असली तर नवी घालू नका, दिसायला ठिगळ दिसतं आणि मापबी बसत न्हाई. मागच्या अंगाला जुनी पडकी भिंत असती, तिच्यातनं काढून घाला.

काकांना सुंदर-बिंदर सांगू नका. जुनी माणसं ती. परांची बांधायचा खर्च, सिमेंट, वाळू, गवंड्याची हजेरी, वर रंग, आणि दर चार वर्षांनी पुन्हा रंग, हे सगळं एका कागदावर मांडा. शेजारी 'काहीच न करणे' म्हणून लिवा आणि पुढं शून्य लिवा. तुम्ही हिशेबनीस न्हवं काय?

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. भट्टीवाले, तुमचा कागद केला. तो शेवटी सांगते.

रविवारी पेठ बंद असते. भाच्याला आणि आमच्या दुकानातली टेप घेऊन गेले. वीट नऊ इंच लांब, सव्वाचार रुंद, जाडी पावणेतीन. काकांनी मधला गाळा उघडून दिला. आत दोन मोडके तराजू आणि इतकी धूळ की भाचा शिंकून बाहेर गेला. तुळया लोखंडी आहेत, पांढऱ्या रंगाचे थर चढलेत. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा एका तुळईवर अक्षरं वर आली. पहिली बुजलीत, शेवटी 'मन लाँग' इतकं नक्की. कौलं उतरवून बघणं माझ्या हातातलं नाही, शिडी लागते आणि माझं वजनही लागतं.

ओव्हरसियर काका, दोन खिडक्यांच्या मधली भिंत दीड फूट. टोकाच्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत पावणेतीन, दोन्हीकडं. मला वाटलं होतं की खिडक्या नीट वाटून लावायच्या राहिल्या. आता ती रुंद भिंत बघितली की कुणीतरी पाय रोवून उभं आहे असं वाटतं.

पाऊल सापडलं. सुतळीवाल्याच्या गाळ्याच्या डाव्या अंगाला, काळ्या दगडाच्या जोत्यावर चौथ्या थरात. कुत्र्याचं असावं, चार बोटं आणि तळवा, एका नखाची टोचणी पण उठलीय. सुतळीची बंडलं टांगायचा खिळा त्या विटेच्या बरोबर वर आहे, त्यामुळं आजवर झाकलेलं. सुतळीवाले वीस वर्षं तिथं बसतात, त्यांनी वाकून बघितलं आणि पहिल्यांदा म्हणाले, "काय गा हे!" मग तिथून पुढं येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटलेत. काल एकजण नुसतं पाऊल बघून गेला, सुतळी न घेता. त्यावरून माझ्यावर जरा नाराज आहेत.

गाळा नंबर तीन, तुमचंही पटलं. माळ्यावर उंदीर इथंही आहेत, एक माझ्या पायावरून गेला.

फळ्यांचं राहिलं. त्या सात आहेत. खाली-वर खोबण आहे, एका टोकाकडून आत सरकवायच्या. प्रत्येकीच्या आतल्या अंगाला पटाशीनं आकडा कोरलाय, आपल्याच मराठी आकड्यात, १ ते ७. क्रम चुकला तर शेवटची बसत नाही. काका म्हणाले, त्यांचे वडील सकाळी आतून आकडा पुकारायचे आणि पोरं फळ्या वाहून मागच्या भिंतीला लावायची. रात्री बंद करताना उलटं. सातवी सगळ्यांत अरुंद, तिला कडी, ती धाकट्याकडं. "ती मी उचलायचो," म्हणाले आणि उचलून दाखवली. दोन पावलं गेले आणि ठेवली. दम लागला होता, मी खुर्ची दिली.

मग कागद पुढं केला. डावीकडं परांची, सिमेंट, वाळू, मजुरी, रंग, एकूण. उजवीकडं शून्य. खाली 'फक्त सांधे भरणे, चुन्यात' म्हणून एक लहानसा आकडा. त्यांनी चष्मा लावून बेरीज पडताळली. (बरोबर होती.) काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला. जुनी चौकट सहा फूट उंच होती. म्हणाले, "साडेतीन कर. खिडक्यांच्या खाली बसली पाहिजे."

म्हणजे कमानी आणि दात उघडे राहणार. 'भुसार' मात्र पुन्हा झाकलं जाणार. त्यावर मी काही बोलले नाही, भाडेकरूंना पाटी लागतेच आणि तेवढीच जागा आहे. पाटी लागायच्या आधी त्या अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं ठसा काढून घेणार आहे. शिडी सुतळीवाले देतो म्हणालेत.

गिलाव्याचं अजून नक्की नाही. काकांचा नेहमीचा गवंडी चुन्याला हात लावायला तयार नाही, म्हणतो, सवय गेली. बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, कुठलाही चालेल, चुन्यात दर्जा भरणारा कुणी अजून काम करत असेल तर इथं कळवा. पाऊस ओसरला की लगेच हवाय, दसऱ्याच्या आधी.